फेस, काचेची नळी आणि सूक्ष्मदर्शक

जवाला मोड आणून ते वाळवायचे, भरडून गरम पाण्यात भिजवायचे, की गोड रस मिळतो. तो हॉप्सच्या फुलांबरोबर उकळून गार करायचा आणि त्यात यीस्ट घालायचे. काही दिवसांत बिअर तयार होते. कृती सोपी वाटते. पण पिंपातला रस नीट आंबतो आहे की नासतो आहे, हे ओळखायचे कसे? या प्रश्नाच्या उत्तरात रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचा मोठा इतिहास दडलेला आहे.

शेकडो वर्षे लोक फेस, वास आणि चव यांवरच विसंबून होते. साखरेपासून अल्कोहोल बनताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून फेस येतो. पण फेस बसला म्हणजे काम संपले की मध्येच थांबले? नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही.

येथे मोजमाप मदतीला आले. साखर विरघळली की पाण्याची घनता वाढते. अल्कोहोल तर पाण्याहून हलके. म्हणजे रस आंबत जाईल तशी त्याची घनता उतरली पाहिजे. 1784 साली इंग्लंडमधील हल येथील जॉन रिचर्डसन यांनी याच तत्त्वावरचा सॅकॅरोमीटर बिअर बनवणाऱ्यांपुढे मांडला. आज घरी बिअर करणारेही काचेचा हायड्रोमीटर तरंगवून हेच पाहतात. सुरुवातीला 1.050 असलेले विशिष्ट गुरुत्व साधारण 1.010 पर्यंत उतरले आणि दोन-तीन दिवस तेथेच स्थिर राहिले, तर आंबणे पुरे झाले असे मानतात. ते 1.030 लाच अडकले, तर फेस कितीही आला असला तरी काम अर्धवट आहे.

पण घनता किती उतरली हे कळले, तरी ती कोणी उतरवली हे कळत नाही. 1837 साली कान्यार द ला तूर, श्वान आणि क्यूत्सिंग यांनी स्वतंत्रपणे दाखवले की यीस्ट सजीव आहे. लीबिगसारख्या मातब्बर रसायनशास्त्रज्ञांना मात्र ते पटले नाही. 1856 साली फ्रान्समधील लील येथे बिगो नावाचे कारखानदार लुई पाश्चर यांच्याकडे आले. बीटच्या रसापासून ते अल्कोहोल बनवत. पण काही पिंपे आंबूस होऊन वाया जात होती. पाश्चरनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या पिंपात यीस्टचे गोल कण होते, बिघडलेल्यात लांबट आकार दिसले. तेथे लॅक्टिक आम्ल तयार होत होते.

1871 साली पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात गेले. तेथील यीस्टचा थेंब पाहून त्यांनी सांगितले की यात दोष आहे. मालकांनाही तक्रार ठाऊक होती. आठवड्याच्या आत कारखान्यात सूक्ष्मदर्शक आला!

तरीही एक कोडे उरले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यातील बिअरला कडवट चव येई, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तर सगळे यीस्टच दिसे. एमिल हान्सेन यांनी दाखवले की त्यात जंगली यीस्ट मिसळले आहे. एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत त्यांनी शोधली आणि 1883 साली ते कारखान्यात वापरात आले. ती रीत कार्ल्सबर्गने गुपित ठेवली नाही.

म्हणजे प्रत्येक साधन आपल्याला एकाच प्रश्नाचे उत्तर देते. फेस सांगतो, वायू सुटतो आहे. हायड्रोमीटर सांगतो, किती काम झाले. सूक्ष्मदर्शक सांगतो, कोण दिसते आहे. दिसायला सारखे असलेले वेगळे ओळखायचे, तर ते स्वतंत्र वाढवूनच पाहावे लागते.

वर्गात यासाठी बिअर कशाला हवी? आपल्या घरचे इडलीचे पीठ रात्रीतून फुगते. ‘ते कोणामुळे फुगले?’ असे विचारले, तर बहुतेक मुले ‘यीस्टमुळे’ असे सांगतील. प्रत्यक्षात तेथे मुख्य काम जीवाणूंचे असते. मग पुढचा प्रश्न आपण मुलांवरच सोपवू: नुसते फुगलेले पीठ पाहून हे कळले असते का? आणि नसेल, तर काय करून पाहावे लागेल?