वऱ्हाडचे पुढारी : जिव्हाळा आणि विवेक

1853 च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे कापसाचा व्यापार वाढला, रेल्वे आली आणि अकोला-अमरावतीत पैसा खेळू लागला. पैशामागे दावे आले आणि दाव्यांमागे मुंबईत शिकलेले वकील. वऱ्हाडातले आधुनिक पुढारीपण या वकिलांच्या बैठकीतच जन्मले. पुढाऱ्याच्या अंगी माणसे जोडण्याची हातोटी अधिक हवी की विचाराची शिस्त, हा प्रश्नही तिथेच दोन माणसांच्या रूपाने उभा राहिला. एक गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे, दुसरे रावबहादूर रंगनाथ नरसिंह मुधोळकर.

खापर्डे (1854–1938) काही वर्षे सरकारी नोकरीत होते. ती सोडून 1890 मध्ये त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली. हजरजबाबी बोलणे, सढळ हात, गाण्या-नाटकांची आवड आणि पाहुण्यांनी गजबजलेला वाडा, अशी त्यांची ख्याती होती. लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणत. मुधोळकर (1857–1921) यांचा पिंड अगदी वेगळा. जमीनमहसूल, कारखानदारी आणि कारभारातला हिंदी माणसांचा वाटा हे त्यांचे विषय. 1890 मध्ये इंग्लंडमध्ये हिंदी मागण्यांची बाजू मांडायला गेलेल्या काँग्रेसच्या शिष्टमंडळात सुरेंद्रनाथ बॅनर्जींसोबत तेही होते. 1905 मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक परिषदेच्या चिटणीसपदाचे किचकट काम त्यांनी वाहिले. अशा कामाला टाळ्या पडत नाहीत, पण कापूस पिकवून कापड बाहेरून आणणाऱ्या प्रांताला त्या वेळी याच कामाची सर्वांत जास्त गरज होती.

या दोन्ही गुणांचे एकत्र बळ अमरावतीने 1897 च्या डिसेंबरात पाहिले. काँग्रेसचे तेरावे अधिवेशन या शहरात भरले, अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष खापर्डे. प्लेगने मुंबई-पुणे हादरले होते आणि टिळक तुरुंगात होते. अशा वर्षी एका जिल्ह्याच्या गावाने देशभरच्या प्रतिनिधींची सरबराई करायची, तर आकडे मांडणारा माणूस एकटा पुरणारा नव्हता आणि लोकांना घरातून बाहेर काढणारा माणूसही एकटा पुरणारा नव्हता.

दहा वर्षांत वाटा फुटल्या. नागपूरला ठरलेले 1907 चे अधिवेशन तिथल्या भांडणांमुळे सुरतेला हलवावे लागले आणि सुरतेत काँग्रेस दुभंगली. खापर्डे टिळकांच्या जहाल बाजूला, मुधोळकर मवाळांत. टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी खापर्डे इंग्लंडला गेले आणि 1910 मध्ये परतले. भरात चाललेली वकिली मित्रासाठी दोन वर्षे बाजूला ठेवणारा हा माणूस लोकांना आपला वाटला, यात नवल नाही. मुधोळकरांना 1912 मध्ये बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्षपद मिळाले, पण जहाल बाहेर असलेल्या त्या सभेत पूर्वीची वर्दळ नव्हती. सन्मान मोठा होता, मागे समुदाय नव्हता.

लोकप्रियता किती टिकते, हे खापर्ड्यांच्याच वाट्याला आलेल्या पुढच्या वळणावर दिसते. 1920 मध्ये टिळक गेले आणि गांधींचा असहकार आला. कौन्सिलांवर बहिष्कार घालणे खापर्ड्यांच्या बुद्धीला पटेना. ते कौन्सिल ऑफ स्टेट या नव्या केंद्रीय सभागृहात गेले, आणि लोकांचा ओघ दुसरीकडे वळला. इथे त्यांच्या बाजूने एक गोष्ट म्हटलीच पाहिजे: मिळवलेले प्रेम राखण्यासाठी त्यांनी न पटलेली गोष्ट पटल्याचे सोंग केले नाही. तीस वर्षे ज्याला केवळ रंगतदार पुढारी समजले गेले, त्याने अखेरीस विवेकाचीच किंमत मोजली.

अमरावतीचेच मवाळ वकील सर मोरोपंत जोशी यांच्या मागे तर गर्दी कधीच नव्हती. तरीही 1928 मध्ये नेमलेल्या संमतिवय समितीचे ते अध्यक्ष होते. समितीने प्रांतोप्रांती साक्षी घेतल्या. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवले, त्यामागे समितीच्या अहवालाचे वजन होते. कायदा झाला, पण घरोघरी बालविवाह चालूच राहिले. तर्काने कायद्याची वही भरता येते. चुलीपर्यंत पोचायला दुसरे कुणीतरी लागते.

ते काम करणारा माणूस वकील नव्हता, लिहिता-वाचताही येत नव्हते त्याला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये परीट कुटुंबात जन्मलेले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे वाढलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा. त्यांचे कीर्तन हा वऱ्हाडातला विवेकाचा सर्वांत मोठा वर्ग होता. ते श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढीत. बकरे कापल्याने नवस फिटतो का, कर्ज काढून सण करावा का, मुलाला शाळेत का घालू नये. खराट्याने दिवसा गाव झाडणाऱ्या माणसाने रात्री विचारलेला प्रश्न कुणाला अपमानाचा वाटत नसे. नेमका युक्तिवाद आणि निखळ माया यांची इतकी घट्ट गाठ या प्रांतात दुसऱ्या कुणात सापडत नाही.

पापळच्या पंजाबराव देशमुखांचा (1898–1965) मार्ग उलट दिशेने गेला. ते बॅरिस्टर होऊन आले, वैदिक वाङ्मयातील धर्मावर ऑक्सफर्डला प्रबंध लिहून आले. 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली, तेव्हा ते तिच्या बाजूला उभे राहिले. मंदिराच्या समितीवर होते दादासाहेब खापर्डे. नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली शहरात परिषद भरली आणि वाटाघाटींसाठी सत्याग्रह पुढे ढकलला गेला. ज्यांच्या घरचे दार साऱ्यांना उघडे असे, त्यांना देवळाचे दार उघडण्याची घाई नव्हती. देशमुखांनी पुढे जिल्हा कौन्सिलच्या कारभारातून विहिरी खुल्या केल्या, 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा-वसतिगृहे काढली. त्या शाळांत शिकलेल्या घरांनी त्यांना 1952, 1957 आणि 1962 अशा तिन्ही निवडणुकांत अमरावतीतून लोकसभेवर पाठवले. दहा वर्षे केंद्रात शेतीखाते सांभाळताना त्यांनी 1955 मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला. अकोल्याचे कृषी विद्यापीठ 1969 मध्ये सुरू झाले, ते आज त्यांच्या नावाने चालते. अमरावतीच्या विद्यापीठाला नाव आहे गाडगेबाबांचे.