२२ नोव्हेंबर : अँड्र्यू हक्सली यांचा जन्म (१९१७)

मज्जातंतूतून विजेचे संदेश जातात, हे ठाऊक होते. ते कसे घडते याचा हिशेब मांडला, तो लंडनमध्ये आजच्या दिवशी जन्मलेल्या हक्सली आणि त्यांचे केंब्रिजमधील ज्येष्ठ सहकारी ॲलन हॉजकिन यांनी. १९३९ च्या उन्हाळ्यात प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी स्क्विडचा, म्हणजे आपल्या मासळीबाजारातल्या माकुलाचा मज्जातंतू घेतला. माणसाचे तंतू केसाहून बारीक. हा सुमारे अर्धा मिलिमीटर जाड. त्यात काचेची केशनळी लांबीच्या दिशेने सरकवून थेट आतला विद्युतदाब मोजता आला. एरवी बाहेरच्या तुलनेत ऋण असलेला आतला भाग संदेश जाताना शून्यावर न थांबता चक्क धन झाला! दाब फक्त शून्यावर येईल असे सांगणाऱ्या जुन्या सिद्धांतात हे बसत नव्हते. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि काम अडले.

उकल प्रसिद्ध झाली १९५२ मध्ये. पेशीपटलातून सोडियमचे आयन आत घुसतात, त्या धक्क्याने शेजारचा भाग सक्रिय होतो आणि लगोलग पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. सारा खेळ काही मिलिसेकंदांचा. हा खेळ त्यांनी समीकरणांत मांडला; पण ती सोडवायच्या वेळी केंब्रिजचा संगणक बंद होता. हक्सली यांनी ती किचकट समीकरणे हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली. चिकाटी म्हणावी ती ही! गणिताने संदेशाचा वेग दिला सेकंदाला १८.८ मीटर, प्रत्यक्षात मोजलेला होता २१.२. १९६३ चे नोबेल दोघांना जॉन एकल्स यांच्यासह मिळाले.