खोगीर, तंग आणि भरती

मराठी समीक्षेत लेखकाच्या जिव्हारी लागणारे जे मोजके शब्द आहेत, त्यांत 'खोगीरभरती'चा क्रम बराच वरचा आहे. कादंबरीतील अनावश्यक प्रकरणे, संग्रहाची पाने वाढावीत म्हणून घातलेल्या कविता, प्रबंधातील अवतरणांची रास, या सर्वांना आपण हा एकच शब्द लावतो. वर्गात शिकवतानाही तो सहज तोंडी येतो. मात्र खोगिरात ही भरती कशासाठी असे आणि ती नसती तर काय झाले असते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. त्याचे उत्तर शोधायला कोशापेक्षा त्र्यंबकेश्वरचा घाट अधिक उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

त्र्यंबकेश्वर म्हटले की ज्योतिर्लिंग, कुशावर्त आणि गोदावरीचा उगम आठवतो. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये आरंभलेले मंदिराचे बांधकाम १७८६ मध्ये पुरे झाले, हेही अनेकांस ठाऊक असते. पण ब्रह्मगिरीवरील किल्ल्याकडून पाहिले तर हे गाव देशावरून कोकणात उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी वसलेले आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांना ज्या किल्ल्यांवर पाणी सोडावे लागले त्यांत त्र्यंबक होता; पुढे १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. येथून पश्चिमेस मोखाडा आणि जव्हार. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले होते, ही आठवण त्या मुलखात अद्याप सांगितली जाते.

अशा वाटेने जाणाऱ्या स्वाराला शत्रू भेटण्याआधी खोगिराची चिंता पडत असणार. चढावर खोगीर घोड्याच्या ढुंगणाकडे सरकते, उतारावर मानेवर येऊ पाहते. त्याला जागेवर ठेवतो तो पोटाखालून आवळलेला पट्टा, म्हणजे तंग. हा तंग खोगिराला नेमका कोठे जोडायचा, पुढे, मध्यावर की दोन्ही टोकांना, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराख्यांनी तर यावरून आपापले पंथच पाडले. त्यांच्या जिनाचा सांगाडा लाकडी, वर कातडे, आणि पुढे दोर अडकवण्यासाठी एक खुंट. टेक्सासचा गुराखी दोराचे टोक त्या खुंटाला पक्के बांधी. फासात सापडलेल्या बैलाने हिसका दिला की जिनाचा मागचा भाग वर उचलला जाई; म्हणून तेथे पुढे एक आणि मागे एक असे दोन तंग आले. कॅलिफोर्नियाचा गुराखी दोर खुंटाभोवती नुसता गुंडाळी आणि गरजेप्रमाणे सैल सोडी. त्याला जिनाच्या मध्यावरचा एकच तंग पुरे. या दोहोंच्या मधल्या जागांना तीन-चतुर्थांश, सात-अष्टमांश अशी अपूर्णांकांची नावे आहेत, आणि आजही खास बनवून घेतलेल्या जिनासाठी कारागीर प्रथम हेच विचारतो. प्रश्न तंगाचा, पण उत्तर कामावरून ठरते.

मराठी स्वाराला बैल ओढायचा नव्हता. त्याला दिवसचे दिवस चालायचे होते, तेही कधी पठारावर, कधी घाटात. त्याच्या साध्या खोगिरात लाकडी सांगाडा नसे. ती शिवलेली, आत भरती ठासलेली जाड गादी होती. सांगाडाच नाही म्हटल्यावर कडी ठोकायची कोठे? तेव्हा तंग गादीवरून घेऊन अंगाभोवती फिरवायचा हा सरळ मार्ग. पुढे-मागे सरकण्याचा बंदोबस्त वेगळ्या पट्ट्यांनी व्हायचा: छातीवर पेशबंद आणि शेपटीखालून दुमची. सपाट मैदानात दुमची नसली तरी निभावते. घाट उतरताना तीच स्वाराला घोड्याच्या मानेवर जाऊ देत नाही.

आता भरतीकडे वळू. लाकडी सांगाडा घोड्याच्या एका ठरावीक पाठीच्या मापाचा असतो. मोहिमेत घोडा वाळतो, पाठीचा आकार बदलतो, आणि कालपर्यंत बसणारे जीन आज पाठ सोलू लागते. खोगिराचे तसे नाही. शिवण उसवावी, जेथे खड्डा पडला तेथे भर घालावी, पुन्हा शिवावे. शिलेदाराचा घोडा हे त्याचे भांडवल होते. पाठीला चट्टा पडला की उत्पन्न बुडाले. बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे, तो आज एक तर उद्या दुसरा. त्याला कोणत्याही पाठीवर चालणारे खोगीर हवे होते. स्वाराचे वजन घोड्याच्या कण्यावरून बाजूला वाटण्याचे जे काम इतरत्र लाकूड करते, ते येथे या भरतीवर होते. ती चिंध्यांची असो की गवताची, निरुपयोगी नव्हती. हे जाणणारा समीक्षक तो शब्द थोडा जपून वापरील, अशी आमची भाबडी आशा.

या साऱ्या सरंजामाची भाषा मात्र फारसी. आपल्याकडे संस्कृत 'पर्याण'पासून आलेले 'पालाण' होते, पण ते मागे पडले. खोगीर म्हणजे मुळात घाम शोषणारे. 'खोय' म्हणजे घाम. तंग म्हणजे आवळ, अरुंद. कपडे तंग झाले आणि पैशांची तंगी आली, तेव्हा घोडा नजरेआड झाला.

घोडा खरोखरच नाहीसा झाला. एप्रिल १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पागा मोडल्या, आणि ज्यांच्या नावातच जीन आहे त्या जिनगरांचे काम आटले. १८८५ च्या पुणे गॅझेटियरात हेच जिनगर धातू ओतताना, दगड कोरताना, चित्रे रंगवताना आणि घड्याळे दुरुस्त करताना दिसतात. त्यांच्या हातच्या पट्ट्यांपैकी एक तर अजून रोजच्या वर्तमानपत्रात वावरतो. घोड्याने मान वर उडवू नये म्हणून त्याच्या तोंडापासून पुढच्या पायांमधून पोटाखालच्या तंगापर्यंत जो पट्टा जाई, त्याला जेरबंद म्हणत. नाशिकच्या परिसरात बिबट्या पिंजऱ्यात सापडला की बातमीच्या मथळ्यात तो हमखास 'जेरबंद' झालेला असतो.