दोन घरचा पाहुणा

राजूरच्या पश्चिमेला भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पुढे त्याच पाण्यावर वीज निघू लागली. तरी पावसाळ्यात दिवे जातातच, आणि मग लॅपटॉपची परीक्षा होते.

१९८१ सालचा ऑस्बोर्न संगणक म्हणे हातात धरून न्यायचा! वजन सुमारे अकरा किलो. त्याच्या पोटात बॅटरी नव्हती; तार निघाली की कारभार आटोपला. पण दोष लपत नसे. मग एप्सनचा एचएक्स-२० पोटात निकेल-कॅडमियमची बॅटरी घेऊन आला, १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि हा जीव दोन घरचा पाहुणा झाला.

असा पाहुणा उपाशी का राहतो? चार्जर जोडलेला असतो तोवर मेलेली बॅटरीही जिवंत भासते. दिवे गेले की कळते, दुसऱ्या घरची चूल केव्हाच विझली होती; न साठवलेली प्रश्नपत्रिका तेवढ्यात गेलेली असते. म्हणून बॅटरी निघणारी असेल तर संगणक बंद करून ती काढावी आणि तो नुसत्या चार्जरवर चालवून पाहावा. नंतर नुसत्या बॅटरीवर. ज्या घरी उपाशी राहील, दोष तिथला. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र प्रयोग नकोत. चार्जर काढून तडक दुरुस्तीवाल्याकडे जावे.