भेग सांधावी की ब्लॉक नव्याने ओतावा?

जुनी स्पोर्ट्स कार हौसेने सांभाळणारा कुणी ना कुणी तुमच्या ओळखीत असेलच. निदान अशा मित्राच्या गराजमध्ये तुम्ही चहाचा कप हातात धरून उभे राहिला असाल. इंजिन सुटं करून टेबलावर ठेवलेलं आहे, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर केसासारखी एक भेग दिसते आहे आणि मेकॅनिक विचारतो आहे : वेल्डिंग करायचं की दुसरा ब्लॉक शोधायचा? ओतीव लोखंडाचा ब्लॉक असता तर निर्णय थोडा सोपा असता. ॲल्युमिनियमचं तसं नाही. हा प्रश्न किती जुना आहे हे शोधायला लागलं, की आपण थेट ओहायोतल्या डेटन गावी, राईट बंधूंच्या सायकलच्या दुकानात जाऊन पोचतो.

१९०२ संपत आलं होतं. ग्लायडर हवा तसा वळत होता, आता इंजिन हवं होतं. विल्बर आणि ऑर्विल यांनी मोटारींची इंजिनं बनवणाऱ्यांना पत्रं धाडली : किमान ८ अश्वशक्ती हवी, वजन २०० पौंडांच्या आत हवं. मनासारखं उत्तर कुठूनच आलं नाही. मग त्यांच्या दुकानातला यंत्रकारागीर चार्ली टेलर कामाला लागला आणि सुमारे सहा आठवड्यांत त्याने इंजिन उभं केलं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ४ इंच. क्रँकशाफ्ट त्याने पोलादाच्या एका जाड पट्टीतून कोरून काढला. लेथ आणि ड्रिलिंग मशीन एवढ्या साधनांवर हे काम झालं, हे आजच्या कुठल्याही टूलरूमवाल्याला सांगून पाहा. तो एकदा तरी पुन्हा विचारेल.

वजन आटोक्यात आलं ते क्रँककेसमुळे. ती डेटनमधल्याच एका ओतशाळेत (कोल्हापूरकडचा माणूस सरळ फाउंड्री म्हणेल) ॲल्युमिनियमची ओतून घेतली होती. त्यात सुमारे ८ टक्के तांबं होतं. सिलिंडरचे नळे ओतीव लोखंडाचे, पण त्यांना धरणारं, पाणी खेळवणारं आणि क्रँकशाफ्टची बेअरिंग्ज पेलणारं सगळं शरीर या एकाच ओतीव तुकड्याचं. वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्यांना ठाऊक असेल, तिथल्या स्मारकस्तंभाच्या टोकावर १८८४ साली १०० औंसांचा ॲल्युमिनियमचा कळस बसवला, तेव्हा तो धातू मिरवण्याच्या मोलाचा होता. त्यानंतर दोनच वर्षांत विजेने ॲल्युमिनियम काढण्याची रीत सापडली, भाव कोसळला आणि १९०३पर्यंत सायकलवाल्याच्या खिशाला तो परवडू लागला.

१२ फेब्रुवारी १९०३ रोजी इंजिन पहिल्यांदा चाललं. दुसऱ्याच दिवशी चाचणी चालू असताना पेट्रोल ठिबकून बेअरिंग्ज जाम झाली आणि क्रँककेस फुटली.

इथे थोडं थांबून विचार करा. तुम्ही त्या दुकानात असता तर काय केलं असतं? लोखंडी ओतकामावर पट्टी ठोकून, बोल्ट लावून काम भागवण्याची रीत तेव्हा सर्रास होती. पण ॲल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा सदैव असतो. धातू ६६० अंशांना वितळतो, तर पापुद्रा दोन हजार अंशांच्या पुढे. त्यामुळे आतला धातू पाणी होतो आणि वरची कातडी तशीच राहते, सांधा एकजीव होत नाही. ऑक्सिॲसिटिलीनची ज्योत तेव्हा फ्रान्समध्ये नुकतीच आकाराला येत होती. ॲल्युमिनियमला मानवणारं टिग वेल्डिंग यायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. आणि समजा सांधता आलं असतं, तरी चारी सिलिंडर आणि सगळी बेअरिंग्ज एका ओळीत ठेवणारा तो एकमेव तुकडा. तो उष्णतेने किंचित जरी वाकला तरी क्रँकशाफ्ट घासणार. बंधूंनी नवी क्रँककेस ओतून घेतली. ती २० एप्रिलला हाती आली. म्हणजे सहा आठवड्यांत झालेल्या इंजिनाच्या एका तुकड्यासाठी नऊ आठवड्यांहून जास्त वाट पाहिली. माझ्या मते तो निर्णय बिनतोड होता. मधला वेळही वाया गेला नाही. पेटंटचा अर्ज २३ मार्चला दाखल झाला, आणि पंख्याचा आकार कसा असावा यावर दोघा भावांचा वाद रंगत राहिला.

हे दोघे डागडुजीच्या विरोधात होते असं मात्र समजू नका. त्याच वर्षी नोव्हेंबरात किटी हॉकला पंख्यांच्या दांड्यांवरची साखळीचक्रं सारखी सैल होत होती. तिथे त्यांनी सायकलच्या टायरला लावायचा सिमेंट भरला आणि चक्रं पक्की बसली! पोकळ नळीच्या दांड्या मात्र एकदा दुरुस्त होऊन आल्यावरही पुन्हा तडकल्या. तेव्हा ऑर्विल डेटनला परतला, भरीव पोलादाच्या दांड्या घडवून ११ डिसेंबरला किटी हॉकला हजर झाला. कुठे चिकटवायचं आणि कुठे टाकून द्यायचं, याची ही जाण सायकलच्या दुकानात कमावलेली होती.

१७ डिसेंबरची चार उड्डाणं सगळ्यांना पाठ आहेत. शेवटचं ५९ सेकंदांचं, ८५२ फुटांचं. त्यानंतरचं कमी लोकांना ठाऊक असतं. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याच्या झोताने ते उलथलं. ते धरू पाहणारा जॉन डॅनियल्स त्यातच अडकून गडगडला, नशिबाने वाचला. इंजिनाचे पाय, म्हणजे क्रँककेसला ओतलेले टेकू, सगळे तुटले. हा दुसरा घाव. या वेळी बंधूंनी ना सांधलं, ना नवी केस ओतून जुन्या इंजिनाला बसवली. पेट्यांत भरून सगळं घरी आणलं आणि जानेवारी १९०४मध्ये नवीन इंजिनांचं काम काढलं, सिलिंडर किंचित रुंद करून. उडायचं होतं, स्मारक करायचं नव्हतं. त्या पेट्या १९१३च्या डेटनच्या महापुरात गाळाखालीही पडून होत्या.

आता मूळ प्रश्नाकडे. गराजमध्ये हिशेब असा असतो : भेग पाण्याच्या जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर वेल्डिंग करून पाहायला हरकत नाही. मुख्य बेअरिंगच्या आधारात असेल तर बहुधा नको. वर्षानुवर्षं तेल मुरलेल्या धातूत सांधा फसफसतो, छिद्रं राहतात. शिवाय उष्णता लागलेला भाग मऊ पडतो आणि नंतर सगळी बेअरिंगची भोकं एका रेषेत पुन्हा घासून घ्यावी लागतात. यात पैसा आणि हौस एवढेच दोन पक्ष. जुन्या, एकमेव वस्तूच्या बाबतीत तिसरा पक्ष उभा राहतो, आणि तो राईट बंधूंच्या क्रँककेसमुळे फार ठळक दिसला.

१९९४ साली फ्रँक गेल आणि मार्था गुडवे या अमेरिकी संशोधकांनी त्या क्रँककेसच्या धातूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. ॲल्युमिनियममध्ये तांब्याचे अणू गोळा होऊन अतिसूक्ष्म चकत्या बनतात. त्या धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत, म्हणून धातू कणखर होतो. या प्रकाराचा शोध जर्मनीच्या आल्फ्रेड विल्मच्या १९०९मधल्या प्रयोगांना जोडला जातो. विमानांच्या ॲल्युमिनियमची सगळी कहाणी तिथून सुरू होते असं मानलं जाई. पण राईट बंधूंच्या १९०३च्या केसमध्ये त्या चकत्या आधीच होत्या. १० ते २२ नॅनोमीटरच्या मोठ्या चकत्या ओतकामाच्या वेळी तयार झाल्या होत्या, कुणालाही न कळता. आणि सुमारे ३ नॅनोमीटरच्या बारीक चकत्या पुढच्या नव्वद वर्षांत, नुसतं पडून राहिल्याने!

कुणी भल्या हेतूने ती केस तापवून सांधली असती तर? सांध्याच्या आसपासच्या बारीक चकत्या विरघळल्या असत्या, मोठ्यांचं रूप बदललं असतं. धातूत लिहून ठेवलेली नव्वद वर्षांची नोंद तेवढ्या भागात पुसली गेली असती. म्हणून संग्रहालयातलं इंजिन पुन्हा धडधडवण्याची मागणी ऐकली की मला धास्ती वाटते. आवाज ऐकायचा तर हुबेहूब प्रतिकृती करावी. तशा झाल्याही आहेत.

एक गंमत राहिली. १९०६च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एरो क्लबच्या प्रदर्शनासाठी बंधूंनी त्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील पाठवले. दोन्ही परत आलेच नाहीत. पुढे विमान प्रदर्शनासाठी जोडताना नंतरच्या इंजिनाचे भाग घालावे लागले. टेलरने पट्टीतून कोरलेला तो धडधाकट क्रँकशाफ्ट हरवला तो हरवलाच, फुटकी क्रँककेस मात्र टिकली.