अन्न खात्याकडून पर्यटन खात्याकडे

'हॉटेल मॅनेजमेंट' हे शब्द उच्चारले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी उंच टोपी, चकाकणारे काटे-चमचे आणि पंचतारांकित हॉटेलचा स्वागतकक्ष उभा राहतो. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात बारावी झालेल्या मुलाने या पदवीचे नाव काढले, तर वडिलांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न येतो: 'म्हणजे शिकूनसवरून लोकांची ताटे उचलणार?' वर्गात शिकवताना हा प्रश्न आम्ही वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकला आहे. तो केवळ अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. शिजवलेले अन्न वाढावे, विकू नये, ही आपल्याकडची फार जुनी धारणा. कोणी कोणाच्या हातचे खावे याचे जातीने घालून दिलेले नियम तर तिच्याहूनही कडक. वडिलांच्या त्या एका वाक्यात या दोन्हींचा इतिहास साठलेला असतो.

या धारणेची उजळ बाजूही याच मातीत सापडते. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. देशभरच्या तीर्थक्षेत्री त्यांनी घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या, अन्नछत्रे चालवली. वाटसरूला निवारा आणि भुकेल्याला घास, हे राज्यकर्त्याचे काम आहे असे त्यांनी मानले. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. पण अन्नछत्राचा हिशेब पुण्याच्या वहीत मांडला जाई. स्वयंपाकघर चालवणे ही शिकण्याची, शिकवण्याची आणि परीक्षा घेण्याची विद्या आहे, असे म्हणायला विसावे शतक अर्धे सरावे लागले.

आणि ते म्हटले गेले ते चैनीच्या काळात नव्हे, टंचाईच्या काळात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी होती. स्वातंत्र्यानंतरही रेशनच्या रांगा होत्या. कन्हैयालाल मुनशी १९५० ते १९५२ या काळात केंद्रात अन्न व कृषी मंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुनशी या स्वतः गुजरातीतल्या नामवंत लेखिका. त्यांच्या पुढाकाराने महिलांच्या अन्न परिषदेने 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहे काढली. तांदूळ आणि गहू यांवरचा भार कमी करून दुसऱ्या पदार्थांनी पोट भरता येते, हे लोकांना प्रत्यक्ष खाऊ घालून पटवायचे, हा त्यांचा हेतू. याच परिषदेने १९५४ साली मुंबईत केटरिंगचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. आरंभी ती अंधेरीच्या भवन्स महाविद्यालयाच्या आवारात होती, पुढे दादरला आली. जुनी पिढी तिला 'दादरचे केटरिंग कॉलेज' म्हणूनच ओळखते. संस्थेच्या आजच्या लांबलचक नावाच्या अखेरीस 'अप्लाइड न्यूट्रिशन' हे शब्द अजून टिकून आहेत. त्या शब्दांना संस्थेचा जन्मदाखलाच म्हटले पाहिजे. या विद्येचा पहिला प्रश्न 'पाहुणा खूश कसा होईल' हा नव्हता. 'थोडक्यात पुष्कळांना पोटभर आणि पौष्टिक कसे खाऊ घालता येईल' हा होता.

साठच्या दशकात दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथेही अशा संस्था निघाल्या. त्यांची सूत्रे केंद्राच्या अन्न खात्याकडे होती. १९८२ मध्ये हॉटेल मॅनेजमेंटच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, आणि त्याच दशकात हा सारा कारभार अन्न खात्याकडून पर्यटन खात्याकडे गेला. एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर सरकली, एवढेच वरवर दिसते. पण खाते बदलले की प्रश्नही बदलतो. भुकेल्याच्या जागी पर्यटक आला.

या बदलाने तोटाच झाला, असे आम्ही म्हणत नाही. पुणे विद्यापीठासारख्या विद्यापीठांनी या विषयाची पदवी दिली, तेव्हा ताट वाढणाऱ्या हाताला प्रथमच प्रतिष्ठेचा कागद मिळाला. फ्रंट ऑफिस, हाऊसकीपिंग, फूड प्रॉडक्शन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस अशी विभागणी झाली. एकाच भटारखान्यात सगळ्या जातींची मुले एकमेकांच्या हातचे चाखून गुण मिळवू लागली. ही सामाजिक घटना लहान नव्हे. अभ्यासक्रमात पोषणशास्त्र आणि सामूहिक स्वयंपाकही राहिला. परंतु ही पदवी ज्या स्वप्नावर उभी आहे, त्या स्वप्नात त्यांना जागा उरली नाही.

नगरसारख्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्याला हे खटकायला हवे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांवर पडलेली सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो आठवणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्याच जिल्ह्यात शिर्डी आहे. साईबाबा स्वतः मसाला वाटून मोठ्या हंडीत अन्न शिजवीत आणि आल्यागेल्यास वाढीत, असे वर्णन दाभोलकरांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त येते. १९१८ साली बाबांनी देह ठेवला, तेव्हा शिर्डी एक लहानसे खेडे होते. त्याच गावातल्या प्रसादालयासाठी २००९ साली सूर्यकिरण एकवटणाऱ्या ७३ तबकड्या बसवण्यात आल्या. त्यांच्या उष्णतेने तयार झालेल्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक करण्याची ही योजना. हंडीपासून वाफेपर्यंतच्या या प्रवासात शंभर वर्षेही गेली नाहीत. इंधन, धान्य, पाणी, स्वच्छता, वेळ आणि पंगतीची शिस्त यांचा मेळ घालणारे हे शास्त्र, लीलावतीबाईंच्या मनातले शास्त्र, आपल्या दारात उभे आहे.

शिर्डीच्या रस्त्यावर एका बाजूला प्रसादालयाची रांग दिसते, दुसऱ्या बाजूला हॉटेलांच्या पाट्या. आपला विद्यार्थी पदवी घेऊन बहुधा दुसऱ्या बाजूला जाईल, आणि पोटासाठी त्याने तसे जाण्यात गैर काहीच नाही. मात्र पहिल्या बाजूचे कामही त्याच्याच विद्येचे आहे, किंबहुना त्याची विद्या तिथूनच निघाली आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. ताटे उचलण्याविषयी विचारणाऱ्या वडिलांनाही मग उत्तर देता येईल: हो, ताटेही उचलणार, पण कोणाच्या ताटात, काय आणि किती पडले, हे जाणून उचलणार.