फुलोऱ्यातील विष : एका जुन्या नियमाची कथा

१/ जून २०१३. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील विल्सनव्हिल येथे, एका दुकानाच्या वाहनतळावर लिंडेनची ५५ झाडे ऐन फुलोऱ्यात होती. त्यांखालच्या डांबरावर बंबलबी या केसाळ मधमाश्यांचा खच पडला होता. अंदाज होता ५०,००० हून अधिक. कारण? शोभेच्या झाडांवरील मावा घालवण्यासाठी झालेली एक फवारणी.

२/ हे प्रकरण नीट कळण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. पॅरिस ग्रीन हे तांबे व आर्सेनिकयुक्त संयुग मुळात रंग म्हणून प्रसिद्ध होते. अमेरिकन शेतकऱ्यांनी ते आधी बटाट्यावरील कोलोराडो भुंगेऱ्यावर आणि मग सफरचंद पोखरणाऱ्या अळीवर वापरले.

३/ पुष्कळ बागाईतदार झाडे फुललेली असतानाच फवारणी उरकत. वास्तविक ही अळी पाकळ्या गळल्यानंतर कोवळ्या फळात शिरते. म्हणजे फुलांवरच्या विषाने तिचे फारसे बिघडत नसे. मरत त्या मधमाश्या, ज्यांच्यावाचून सफरचंद धरतच नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय!

४/ मधपाळांनी तक्रारी केल्या. बागाईतदारांपैकी अनेकांना त्या पटल्या नाहीत. तरीही १८९० च्या दशकात कॅनडातील ऑन्टॅरिओ आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क यांनी फुललेल्या फळझाडांवर विषारी फवारणी करण्यास कायद्याने बंदी घातली. परागवाहक कीटकांच्या रक्षणार्थ झालेल्या आरंभीच्या कायद्यांत यांची गणना करावी लागेल.

५/ नियम साधा होता : फुलोऱ्यात फवारू नका. तो निर्दोष नव्हता. झाडाखालच्या फुललेल्या क्लोव्हरवर विष ठिबकले की मधमाश्या तेथे मरतच. पण त्यामागचे गृहीतक पक्के होते. विष झाडाच्या पृष्ठभागावर राहते. फवारणीनंतर उमललेल्या फुलात ते नसते.

६/ हेच गृहीतक १९९० च्या दशकात कोसळले. १९९१ पासून बाजारात आलेले इमिडाक्लोप्रिड हे निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशक. निकोटिनप्रमाणेच ते कीटकाच्या मज्जासंस्थेवर घाला घालते. ते आंतरप्रवाही आहे : बियाण्याला चोळा वा मुळाशी घाला, रसाबरोबर ते पानांत चढते. आणि परागात. आणि मकरंदातही. ज्या फुलावर कोणी काही फवारलेच नाही, तेच फूल विष वाढू लागले.

७/ फ्रान्समधील मधपाळांना हे १९९० च्या दशकाच्या मध्यास सूर्यफुलाच्या शेतांलगत जाणवले. मधमाश्या दिशाहीन होत, थरथरत, पोळ्याकडे परतत नसत. या अवस्थेला तेथे ‘वेड्या मधमाश्यांचा रोग’ असे नाव पडले. उत्पादक कंपनीने कार्यकारणसंबंध नाकारला. वाद वर्षानुवर्षे चालला. तरी जानेवारी १९९९ मध्ये फ्रेंच सरकारने सूर्यफुलाच्या बियाण्यावरील हा वापर स्थगित केला. संपूर्ण पुरावा हाती येण्याची वाट न पाहता घेतलेला हा निर्णय त्या काळी धाडसाचाच म्हटला पाहिजे.

८/ २००८ च्या वसंतात जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मक्याच्या पेरणीवेळी क्लोथियानिडिन लावलेल्या बियाण्याची धूळ वाऱ्याने शेजारच्या फुलांवर गेली. सुमारे ११,५०० वसाहतींना तिची झळ पोहोचली.

९/ आता पुन्हा ओरेगन. विल्सनव्हिलमध्ये डायनोटेफ्युरान फुललेल्या झाडांवर मारले गेले, म्हणजे जुनाच नियम मोडला होता. डब्यावरील सूचनेतही अशा फवारणीस मनाई होती. उरलेल्या मधमाश्या येऊ नयेत म्हणून अखेर झाडे जाळ्यांनी झाकावी लागली.

१०/ अधिक अस्वस्थ करणारी घटना त्याच सुमारास हिल्सबोरो शहरात घडली. तेथे मृत्यूंचा आकडा खूपच लहान होता. पण ते झाड फुलण्याआधी, मार्चमध्येच, औषध दिलेले होते. नियम पाळूनही जूनमधील फुले मारक ठरली.

११/ त्यामुळे फेब्रुवारी २०१५ मध्ये ओरेगनने लिंडेन वर्गातील झाडांवर डायनोटेफ्युरान, इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायमेथोक्झाम वापरण्यास बंदी केली. कोणत्याही ऋतूत, कोणत्याही पद्धतीने. १८९० च्या दशकातील कायदा ‘केव्हा फवारावे’ एवढेच सांगत होता.

१२/ युरोपीय संघाने २०१३ मध्ये यांपैकी शेवटच्या तिन्हींवर अंशतः निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये उघड्यावरील वापर थांबवला. फ्रान्स आणखी पुढे गेला : १ जानेवारी २०१९ पासून घरगुती बागकाम करणाऱ्यांना बहुतेक रासायनिक कीडनाशके विकत घेणे, जवळ बाळगणे वा वापरणे तेथे निषिद्ध आहे.